विश्लेषण : दुखायचे थांबले, म्हणजे दुखापत बरी झाली का?

पोलीस भरतीचे वारे वाहू लागले, की खुलताबादहून म्हैसमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे धावणारी मुले-मुली वाढतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मुलाने ही धाव ५ मिनिटे १० सेकंदांत संपवली तर २० पैकी २० गुण. एरवी फारसे न पळणारा तरुण मग अचानक रोज, डांबरी चढावर, जमेल तेवढे पळू लागतो. तीन-चार आठवड्यांत नडगी ठणकू लागते. घरचे म्हणतात, पडून राहा. सोबतचे म्हणतात, दुखतंय तरी पळ, आपोआप जिरेल. फिजिओथेरपीला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत. तिच्या मते मोजून-मापून दिलेला व्यायाम हाच उपचार.

विश्रांतीने दुखापत बरी होत नाही का?

पहिले काही दिवस विश्रांती लागतेच. पण स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) आणि हाड यांना नव्याने मजबूत होण्यासाठी ताण लागतो. ताण मिळालाच नाही, तर जखम भरते, पण भरलेला भाग कच्चा राहतो. प्लास्टर काढल्यावर पाय बारीक झालेला सर्वांनी पाहिला आहे. पडून राहिलेल्या खेळाडूचेही थोड्या प्रमाणात तेच होते. म्हणून दोन आठवडे आराम केला, दुखायचे थांबले, पुन्हा पळालो आणि पुन्हा दुखले, हे चक्र सुरू राहते. आरामाने वेदना गेलेली असते, पाय मात्र पूर्वीपेक्षा कमकुवत झालेला असतो.

व्यायामाचा ‘डोस’ कसा ठरतो?

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी १९४५ मध्ये टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेणाऱ्या व्यायामाची पद्धत मांडली. आजच्या फिजिओथेरपीतील ताकदीच्या व्यायामाचा पाया तोच : आज जेवढे पेलते त्याहून किंचित जास्त, आणि ते पेलू लागले की पुन्हा किंचित जास्त.

दुसरे उदाहरण गमतीचे आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांची टाचेमागची नस (अकिलीस टेंडन) दुखत होती. शस्त्रक्रियेला वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा नस तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या इराद्याने त्यांनी तिच्यावर मुद्दाम जोरदार ताण द्यायला सुरुवात केली. नस तुटली नाही, दुखणेच गेले. पुढे १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन संच, वाकवून तीन, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, असे १२ आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास छोटा होता आणि डोसही पुढे बदलत गेला, पण दुखऱ्या टेंडनला हात लावायचा नाही ही समजूत त्याने मोडली.

टाच ‘खाली सोडण्यात’ मर्म आहे. स्नायू लांब होत असतानाच भार पेलतो तेव्हा त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो. खुलताबादहून वेरूळचा घाट पायी उतरून पाहा. दम लागत नाही, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात. चढताना धाप आणि उतरताना ताण, असा हा हिशेब आहे. श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून चालत येणाऱ्यांना तो अनुभवाने ठाऊक असतो.

अविनाश साबळेच्या गुडघ्याचे काय झाले?

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा ३००० मीटर स्टीपलचेसमधील राष्ट्रीय विक्रमवीर. जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांची वेळ दिली. वर्षभराने, ११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला. गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट आणि आतली गादी (मेनिस्कस) दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

एसीएल गुडघ्याला पुढे सरकण्यापासून आणि पिळवटण्यापासून रोखतो. कबड्डीत पकड होताना किंवा उडीनंतर पाय वेडावाकडा पडला की तो तुटतो. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांची, पुढचे काम महिनोन्‌महिन्यांचे. गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण आदेशच देत नाही. ताकद लावली तरी मांडी आवळली जात नाही. म्हणून सुरुवात अगदी बारीक कामांनी होते : गुडघ्याखाली टॉवेल ठेवून तो दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे. मग अर्ध्या बैठका, पायरी चढ-उतार, एका पायावर बैठक. वजन त्यानंतर, आणि धावणे, उडी, दिशा बदलणे सर्वांत शेवटी. खेळाडू कंटाळतात ते याच मधल्या काळात. दुखत नसते, पण खेळायची परवानगीही नसते.

मैदानावर परतायचे केव्हा?

‘डेलावेअर-ओस्लो’ अभ्यासगटातील १०६ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ताकद आणि उडीच्या चाचण्यांत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे, अशा निकषांवर त्यांना तपासले होते. निकष पूर्ण न करता खेळात परतलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना गुडघ्याची पुन्हा दुखापत झाली. पूर्ण करून परतलेल्यांपैकी साधारण साडेपाच टक्क्यांनाच. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके पुढे ढकलले, तितका धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटला. दोन्ही पायांची तुलना मोजून करायची असते. ‘आता बरं वाटतंय’ हा निकष त्यात येत नाही.

नडगी दुखत असेल तर?

वाढत्या भाराला उत्तर देताना हाड आधी थोडे झिजते, मग नव्याने भरते. या मधल्या आठवड्यांत ते नेहमीपेक्षा कच्चे असते, आणि नेमके तेव्हाच उमेदवार वेग वाढवतो. आतल्या कडेने बऱ्याच लांबीवर दुखत असेल, तर धावणे कमी करून, मऊ मातीवर, एक दिवसाआड ठेवता येते. जोडीला पोटरीचे व्यायाम. पण एकाच बोटाएवढ्या जागेवर दाबले की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग धावणे बंद आणि डॉक्टर गाठणे. अशी चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. मैदानी चाचणी तोंडावर असताना हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. पण चीर वाढून हाड पूर्ण मोडले तर चाचणीच हातची जाते.

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, असा नियम सांगितला जातो. त्याला ठोस पुरावा नाही. घरी वापरता येईल असा साधा मापदंड वेगळा आहे : व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतके दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळले, तर डोस बरोबर आहे. सकाळी जास्त दुखले, तर एक पायरी मागे.

दुखापत नसताना?

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी ‘नॉर्डिक’ नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. तो नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले. लांब पळणाऱ्यांनी वजन उचलू नये, शरीर जड होते, हा समजही चुकीचा. ताकदीच्या व्यायामाने त्याच वेगाला कमी ऊर्जा लागते.

जायचे कोणाकडे?

लचक भरली की पायाळू माणसाची लाथ, हा इलाज गावोगाव ऐकायला मिळतो. गुडघ्यात ‘कट्’ आवाज येऊन काही तासांत सूज आली असेल, तर लाथही नको आणि मालीशही नको. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे आणि एमजीएमचे फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. खुलताबादहून हे अंतर साधारण २५ किलोमीटर. मजुरी बुडवून आठवड्यातून तीनदा जाणे कोणाला परवडणार? तशी गरजही सहसा नसते. या उपचाराचा मोठा भाग घरीच, पायरी, भिंत आणि पुस्तकांनी भरलेली पिशवी यांवर होतो. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगावे, की पंधरा दिवसांनी येईन, तोवरचे व्यायाम, संख्या आणि वाढवायचे कधी ते कागदावर लिहून द्या. केवळ मशीनचा शेक देऊन रोज बोलावणाऱ्याला व्यायामाचे विचारावे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही.