वडील भावंडाची कविता : ताटीच्या अभंगांची घडण

घरांतील वडील भावंडावर कविता व्हावयाची, तर ती कोणाच्या तोंडीं घालावी? थोरल्यानें आपला भार आपणच सांगितला, तर ती तक्रार होते. आईबापांनीं सांगितला, तर उपदेश होतो. मुक्ताबाईच्या नांवावर चालत आलेल्या ताटीच्या अभंगांत सर्वांत धाकटी बहीण बोलते. आमच्या मतें ह्या काव्याचें मर्म येथेंच आहे.

प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. परंपरा सांगते कीं, लोकनिंदेनें व्यथित होऊन ज्ञानदेवांनीं खोपटाची ताटी लावून घेतली. निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता असा ह्या चार पोरक्या भावंडांचा क्रम. सर्वांत ज्येष्ठ निवृत्तिनाथ खरे. परंतु दाराशीं उभ्या असलेल्या मुक्ताबाईस ज्ञानदेवही वडीलच.

आतां रचना पाहूं. मोठ्या अभंगांत चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा सहा व चौथ्यांत चार अक्षरें. लहान अभंगांत आठ आठ अक्षरांचे दोनच चरण व शेवटीं यमक. गातांना एखादें अक्षर अधिकउणें चालतें. ताटीचे अभंग ह्या दुसऱ्या प्रकारचे आहेत. वाक्य पुरें होतें न होतें तोंच यमक येतें, त्यामुळें बोलण्यांत दारावरील थापेची निकड उतरली आहे.

प्रत्येक अभंगाच्या अखेरीस ताटी उघडण्याची विनवणी व भावाचें नांव येतें. संबोधनांतील तें नांव 'रा' ह्या अक्षरानें संपतें. अर्थात् आधींच्या चरणासही तेंच यमक हवें. तें पुष्कळदां 'करा', 'सारा', 'तारा' अशा आज्ञार्थी क्रियापदांतून मिळतें. हीं आदरार्थी अनेकवचनाचीं रूपें होत. 'कर', 'सार', 'तार' म्हटलें असतें, तर यमक तुटलें असतें. बहिणीनें भावाचा मान राखिला, म्हणून छंदही राखला गेला.

आमच्या डहाणू तालुक्यांत वरोरच्या आसपास कारवीच्या कुडाचीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ताटी म्हणजे काय हें सांगणें नको. हातानें लोटली तर ती उघडते. मुक्ताबाई ती लोटीत नाहीं. भावानें आपण होऊन उघडावी म्हणून पुनःपुन्हां विनविते. धृपदाच्या पुनरुक्तीचें कारण हेंच.

ज्येष्ठानें धाकट्यांस पित्याप्रमाणें सांभाळावें, असें मनूनें सांगितलें. आपणही घरोघरीं थोरल्याला 'तूं मोठा, तूं सोसावेंस' असेंच शिकवितों. परंतु तोच दुखावून दार लावून बसला, तर त्याच्या दाराशीं जावयाचें कोणीं, हा विचार फारसा होत नाहीं. मुक्ताबाईही 'सोसावें' असेंच सांगते; पण ती तें दाराशीं उभी राहून सांगते, आणि त्याला हांक मारल्यावांचून एकही अभंग संपवीत नाहीं.

येत्या भाऊबीजेस हे अभंग घरांतील धाकट्यांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावे. अक्षरें बोटांवर मोजावयास त्यांस शिकवावें, आणि थोरल्यास जवळ बसवून ऐकूं द्यावें.