घरची मोटार आणि तिचे ब्रेक



उसाच्या हंगामांत शिरूर-दौंड रस्त्यानें ज्यांनीं रात्रीं मोटार हांकली आहे, त्यांस ब्रेकचें महत्त्व निराळें सांगावयास नको. वळण घेतांच मागें दिवा नसलेली, उसानें लादलेली गाडी झोतांत उभी राहते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार १ सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढें अंतर संपतें.

दौंड जंक्शनांत येणाऱ्या आगगाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं गेल्या शतकाच्याही मागल्या शतकांत बसविलेली ही योजना मोठी मार्मिक आहे. नळींत दाब आहे तोंवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी तुटली कीं ते आपोआप लागतात. घरच्या मोटारीचें नेमकें उलट! तिच्या नळींतील तेल गळून गेलें, तर ब्रेक लागतच नाहींत. अलीकडे नळ्यांचे दोन स्वतंत्र फांटे ठेवतात, त्यामुळें एक गेला तरी दुसरा थोडेंफार काम देतो.

पास्कलचा सिद्धांत शिकवितांना मी वर्गांत हेंच उदाहरण देत असें. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो. पायाचा जोर याच मार्गानें चारी चाकांस मिळतो. द्रव सहसा दबत नाहीं, हवा मात्र दबते. म्हणून पॅडल मऊ, स्पंजासारखें लागलें तर नळींत हवा शिरली असें समजावें. पहिल्या दाबास तें खोल गेलें आणि दुसऱ्यास वर आलें, तर बहुधा लायनर झिजून ड्रमपासून दूर राहिले आहेत. परंतु दाबून धरलेलें पॅडल हळूहळू खालींच जात असेल, तर कोठें तरी गळती आहे. अशी मोटार जागची हलवूं नये, मिस्त्रीसच घरीं बोलवावें.

अँबेसडरसारख्या जुन्या मोटारी अजून कांहीं घरांत जपलेल्या आढळतात. त्यांच्या ड्रमांतील अंतर घरीं जुळवितां येतें. सपाट जागीं, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस पुढूनमागून दगड लावावेत. मागचें चाक जुळवावयाचें तर हँडब्रेक सोडावा. चाक उचलल्यावर एकट्या जॅकवर विसंबूं नये, भक्कम घोडी लावावी. जुळवणीचा खिळा चाक अडेपर्यंत फिरवावा आणि तें मोकळें फिरूं लागेल इतकाच उलट घ्यावा. दोन्ही बाजू सारख्या न झाल्यास ब्रेक लावतांच मोटार एकीकडे ओढते. ड्रम उघडल्यास आंतील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे आणि तें फुप्फुसांस घातक आहे.

आतां तेलाविषयीं. ब्रेक ऑइल हें नांवाचेंच तेल! त्याच्या जागीं इंजिनाचें ऑइल ओतल्यास आंतील रबर फुगून निकामी होतें. शिवाय तें हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ३ जातीचें कोरडें ऑइल २०५ अंशांच्या आंत उकळूं नये असा दंडक आहे; ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. पांचगणीहून पसरणीचा घाट उतरतांना जो चालक सारखा ब्रेकवर पाय ठेवतो, त्याच्या चाकांत उष्णता सांचते, जुनें ऑइल उकळून त्याची वाफ होते आणि पॅडल एकाएकीं खालीं बसतें. म्हणून घाट खालच्या गियरमध्यें उतरावा, आणि ऑइल मोटारीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत बदलावें, मग तें डब्यांत कितीहि भरलेलें दिसो.

हवा काढण्याचें काम दोघांचें: एकानें पॅडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाजवळील निपल सैल करून नळीनें ऑइल बाटलींत घ्यावें, आणि निपल आवळल्यावरच पहिल्यानें पाय उचलावा. वरच्या डब्यांतील ऑइल संपूं देऊं नये, नाहीं तर पुन्हां हवा शिरते. एबीएस असलेल्या नव्या मोटारींत मात्र हा खटाटोप घरीं करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. मुख्य सिलिंडर उघडणें तर कोणत्याच मोटारींत नको.

काम आटोपल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वीं पॅडल टणक लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबावें, मग मोकळ्या मैदानांत अगदीं सावकाश चालवून ब्रेक लावून पाहावेत, आणि नंतरच रस्ता धरावा.