देवनारचे गिऱ्हाईक

गोवंडीलगत देवनार येथे १९७१ पासून मुंबई महानगरपालिकेचे पशुवधगृह आहे. बकरी ईदपूर्वी तेथील बाजारात परराज्यांतूनही बोकड येतात. कुर्बानीसाठी घेणारे गिऱ्हाईक केवळ मांस पाहत नाही. बोकड वर्षाचा पुरा असावा, आंधळा, लंगडा वा आजारी नसावा, ही त्याच्या धर्माची अट असते; म्हणून ते प्रथम दात पाहते. दोन कायमचे दात साधारणतः एक ते दीड वर्षात येतात. विक्रेत्याने बोकडाचे तोंड स्वतःच उघडून दाखवावे, वैगुण्य भावाआधी सांगावे. हे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच भेटते, म्हणून विसरेल असे समजू नये. कुर्बानी वाया गेलेला मनुष्य पुढील ईदला दुसऱ्याच्या दावणीपाशी उभा राहतो. ग्रामसेवकांनी शेळीपालकांस करडांच्या जन्मतारखांची वही ठेवण्यास शिकवावे. तोंडी सांगितलेल्या वयावर घासाघीस फार होते.