गौरी गाभाऱ्यात, योगिनी ओवरीत

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात मधोमध गौरीशंकराचे देऊळ आहे. कलचुरींची राणी अल्हणदेवी हिने ते बाराव्या शतकात बांधवले असे मानतात. आत नंदीवर शंकर-पार्वती एकत्र बसलेले. भोवती वर्तुळाकार ओवऱ्या आणि त्यांत एकेकट्या, बहुतेक भग्न, योगिनी. जोडप्याला गाभारा, एकटीला ओवरी. मराठी रंगभूमीने संसाराची मांडणी बरीचशी अशीच केली, आणि २०१९ मध्ये ‘एकच प्याला’ची शंभरी झाली तेव्हाही कौतुकाचा गाभारा सुधाकरच्या बायकोला, सिंधूलाच मिळाला. तळीरामाची बायको गीता ओवरीतच राहिली. ती त्याच नाटकात, त्याच दारूला आणि तशाच नवऱ्याला सामोरी जाते, पण गप्प बसत नाही.

नाटककार गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात नाटकाचा पहिला प्रयोग केला. पुढची पन्नास वर्षे भराभर ओलांडली तरी चालतील, कारण त्या काळात ‘दारूचे दुष्परिणाम’ याखेरीज नाटकाकडून कुणी फारसे काही मागितले नाही. पण नाटकात दारूच्या आधी अहंकार येतो. वकील सुधाकरची सनद तहकूब होते, अपमान पचत नाही, मग पेला येतो. नवऱ्याचा मान राखायचा म्हणून सिंधू श्रीमंत माहेरची मदत नाकारते, म्हणजे सुटकेचे दार स्वतःच लावून घेते. ती दळण दळू लागते तेव्हा घर तिच्या कष्टावर चालते. सत्ता तिच्या हाती येते आणि ती वापरायचे नाकारते. शेवटी मूल दगावते, ती स्वतः मरणाच्या दारात असते, आणि नवऱ्याला वाचवायला ती फौजदाराशी खोटे बोलते. नात्याचा हा शेवटचा पल्ला पातिव्रत्याचा कळस म्हणून रडत पाहिला गेला. मला त्यात पुरावा नष्ट करणारी बाई दिसते.

हे दिसायला १९७० चे दशक यावे लागले. त्या दशकाबद्दल माझा पक्षपात मी लपवत नाही. ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेबांची बायको कावेरी वाटेतच मरते आणि ते बोलत राहतात, टाळ्या कुणाला पडायच्या हे तिथेच ठरते. मात्र तेंडुलकरांच्या १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’ने सिंधूचे ते खोटे उचलून पुढे नेले. नवऱ्याने टाकलेली, देवभोळी लक्ष्मी सखारामलाच नवरा मानते, आणि त्याने चंपाचा गळा दाबला की प्रेत पुरायला तीच पुढे होते. चंपा म्हणजे हातात पेला घेतलेली गीता. नवऱ्याला सोडून आलेली, तोंडाळ, म्हणून मरायला मोकळी. तेंडुलकरांनी गडकऱ्यांना मोडीत काढले असे तेव्हा म्हटले गेले, आजही म्हटले जाते. मला उलट वाटते: गडकऱ्यांना इतक्या बारकाईने त्यांच्या भक्तांपैकी कुणी वाचले नव्हते. नाटकावर अश्लीलतेची ओरड झाली, सेन्सॉरशी लढाई झाली, आणि त्या गदारोळात लक्ष्मीचे फावडे कुणाच्या फारसे डोळ्यांत भरले नाही. शिव्या खाल्ल्या चंपाने.

यावर आक्षेप येईल की १९१९ च्या नाटकाला आजचा चष्मा लावणे अन्याय आहे. गडकऱ्यांना सिंधू पूज्यच होती. असेल. सिंधू लिहिली पुरुषाने, तिची पदे रचली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी, ती उभी केली बालगंधर्वांनी. तिच्या आदर्शावर बाईचा हात कुठे लागलाच नाही. पण गीता त्याच लेखणीतून आली. बंड करणारी बायको नाटककाराला सुचतच नव्हती, असे म्हणायची सोय तिच्यामुळे राहत नाही. गीतेला विनोदी उपकथानकात टाकले, हाही आक्षेप खरा आहे. पण बाईचे शहाणपण प्रेक्षकांच्या गळी उतरवायला तेव्हा हसू हीच वाट होती. आज ती अडचण उरलेली नाही. तरी पाच अंक दोन-अडीच तासांत बसवायचे म्हटले की पदे जागेवर राहतात आणि कात्री उपकथानकाकडे वळते. मैफलीत तर सिंधू नाटकाशिवायच गाते. सुधाकरही लागत नाही. चंपा साकारणाऱ्या लालन सारंग २०१८ मध्ये गेल्या, शंभरीच्या वर्षअखेरीस ‘नटसम्राट’चे अप्पासाहेब डॉ. श्रीराम लागू गेले. त्यांच्या दशकाने सिंधूला जो प्रश्न विचारला होता तो तसाच पडून आहे, आणि गीतेचे संवाद पाठ असलेली नटी शोधायला निघालो तर कुठे जायचे, हे मला सांगता येणार नाही.