मॉरिशस : आहार, श्रम आणि आरोग्य

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस हे लहानसे बेट आहे. गुलामगिरीचा अंत होत असताना, १८३४ पासून, येथील उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक या मार्गाने बेटावर उतरले. त्यांत बिहारी, तामीळ आणि तेलुगू लोकांप्रमाणेच मुंबई बंदरातून निघालेली, रत्नागिरी व आसपासच्या मुलखातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

या लोकांच्या पूर्वजांना भय होते ते साथीच्या रोगांचे. १८६६ नंतरच्या हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो बळी घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यास हिवताप आटोक्यात आला, आयुर्मान वाढले आणि मग एक निराळेच संकट पुढे आले. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार हे ते संकट होय. हे रोग एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाहीत, म्हणून त्यांस असंसर्गजन्य रोग म्हणतात. ते वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतात आणि लक्षणे दिसू लागतात तोवर पुष्कळदा बराच उशीर झालेला असतो.

हे का घडले? पूर्वी मजूर दिवसभर ऊस तोडीत असे आणि खाल्लेले अन्न त्या श्रमात खर्च होई. १९७० नंतर निर्यातीसाठी कापडाचे कारखाने उभे राहिले, कचेऱ्या वाढल्या, वाहने आली. श्रम घटले, परंतु ताटातील भात, तळलेले पदार्थ आणि साखर मात्र घटली नाही. न खर्चलेले अन्न चरबीच्या रूपाने, विशेषतः पोटाभोवती, साठते. अशा शरीरात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. शेवटी ते थकले की रक्तातील साखर वाढते.

१९८७ साली मॉरिशस सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या व परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने सुमारे पाच हजार प्रौढांची तपासणी केली. निष्कर्ष चकित करणारे होते. मधुमेहाचे प्रमाण जगातील वरच्या पातळीवर होते. इतकेच नव्हे, तर भारतीय, क्रिओल व चिनी या तिन्ही वंशांच्या लोकांत ते जवळजवळ सारखेच आढळले. दोष केवळ रक्ताचा नव्हता. सर्वांच्या जीवनपद्धतीत झालेला बदलही त्यास कारणीभूत होता, असे यावरून म्हणता येते.

यानंतर शासनाने वर्तमानपत्रे, नभोवाणी, शाळा व कामाची ठिकाणे यांच्याद्वारे लोकशिक्षणाची मोहीम हाती घेतली. सर्वांत परिणामकारक पाऊल मात्र साध्या शिधातेलाविषयीचे होते. घरोघरी वापरले जाणारे हे तेल बहुतांशी पामतेलाचे होते आणि त्यात संपृक्त स्निग्धांशाचे प्रमाण फार असते. नियमाने त्याऐवजी सोयाबीनचे तेल आणले गेले. गृहिणीला कढई बदलावी लागली नाही. केवळ कढईतले तेल बदलले.

१९९२ साली पुन्हा तपासणी झाली. रक्तातील कोलेस्टेरॉलचे सरासरी प्रमाण दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे २१३ मिलिग्रॅमवरून १८२ मिलिग्रॅमपर्यंत उतरले होते. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर आले होते आणि अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांचे ३८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. उच्च रक्तदाबही कमी झाला होता. अवघ्या पाच वर्षांत एवढा पालट घडल्याचे उदाहरण विरळाच होय.

परंतु चित्राची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. त्याच पाच वर्षांत स्थूलता वाढली आणि मधुमेह मागे हटला नाही. २००९ च्या पाहणीत एक पंचमांशाहून अधिक प्रौढांना तो जडलेला आढळला. कारण उघड आहे. तेल शासनाला बदलता येते, पण किती खावे व किती चालावे हे नियमाने ठरत नाही. पुढे शाळांच्या उपाहारगृहांतून गोड पेये व तळलेले खाद्य हटविण्यात आले आणि २०१३ पासून गोड पेयांवर त्यांतील साखरेच्या प्रमाणात कर बसविण्यात आला. साखरेवर जगलेल्या बेटाने साखरेवरच कर बसवावा, यात त्या बेटाच्या अनुभवाचे सार आहे.

आपल्याकडील परिस्थितीला हा अनुभव फार जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की येथील नवजात बालके वजनाने हलकी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचा अंश तुलनेने अधिक असतो. म्हणून भारतीय माणूस किरकोळ दिसला तरी त्याने निश्चिंत राहू नये. गर्भवतीचा पोषक आहार हादेखील मधुमेह टाळण्याच्या प्रयत्नाचा एक भाग ठरतो.

रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वस्तीत शेत सोडून कारखान्यात आलेल्या कुटुंबाची वाट मॉरिशसच्या मजुराच्याच वाटेने जाऊ शकते. भात तोच राहतो, श्रमाचा प्रकार मात्र बदलतो. ताटात डाळ, भाजी व भरड धान्य यांचा वाटा वाढविणे, मीठ, साखर व तळण कमी करणे, दररोज अर्धा तास झपझप चालणे, तंबाखू सोडणे आणि तिशीनंतर रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घेणे, हे उपाय साधे आहेत. त्यांस पैशापेक्षा निश्चय अधिक लागतो. तथापि हा निश्चय केवळ व्यक्तीवर सोडून भागत नाही. चांगले तेल, स्वच्छ पाणी, चालण्यास सुरक्षित रस्ता आणि जवळचे आरोग्य केंद्र यांची तरतूद समाजाने केली, तरच तो टिकतो. मॉरिशसला जे यश लाभले आणि जे हुकले, त्या दोहोंतून हेच दिसून येते.