टाकळीचा मांसाहारी डायनासोर : एका दाताचे वर्गीकरण

सोलापूरसह महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. लाव्हारसापासून बनलेल्या या कातळात हाडे टिकण्याची शक्यता जवळजवळ नसते. मात्र दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात जीवाश्म आढळतात. नागपूरजवळील टाकळी येथील असे आंतरप्रवाही थर स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांना परिचित आहेत.

टाकळीच्या एका दातावरून रिचर्ड लायडेकर यांनी १८९० मध्ये ‘मॅसोस्पॉन्डिलस रॉवेसी’ ही जाती स्थापन केली. मॅसोस्पॉन्डिलस ही प्रजाती रिचर्ड ओवेन यांनी १८५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अवशेषांवरून वर्णिलेली; आज ती प्रामुख्याने शाकाहारी मानली जाते. तिचा काळ आणि टाकळीचा थर यांत ११ कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे! तथापि यास लायडेकर यांचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मांसाहारी प्राण्यांचे दात अशा डायनासोरांच्या हाडांत मिसळलेले आढळत, त्यामुळे हा गटच त्या काळी मांसाहारी समजला जाई.

आज हा दात थेरोपॉड, म्हणजे मांसाहारी डायनासोरांच्या गटातील, बहुधा अ‍ॅबेलिसॉरिड कुळातील मानला जातो. या ‘बहुधा’मध्ये दाताच्या रचनेइतकाच शेजाराचाही वाटा आहे, हे मान्य करावयास हवे. जबलपूरचे इंडोसुकस व इंडोसॉरस (१९३३) आणि गुजरातमधील राजासॉरस (२००३) हे साधारण त्याच काळातील, त्याच कुळातील प्राणी होत. मग टाकळीचा दात यांपैकी एखाद्याचा असेल काय? राजासॉरसच्या मूळ नमुन्यात कवटीचा मागील भाग, मणके, कटिरास्थी आहेत, जबडा नाही. तेथे तुलनाच खुंटते. शिवाय एकाच प्राण्याच्या जबड्यातील पुढचे व मागचे दात भिन्न असतात, तर निकटच्या जातींचे दात परस्परांशी कमालीचे मिळतेजुळते. म्हणून केवळ एका दातावर उभे असलेले ‘रॉवेसी’ हे नाव संशयास्पद ठरते.

नाव डळमळीत असले तरी दाताचे स्थान बोलके आहे. थेरोपॉडांचे दात आयुष्यभर गळत व नवे येत. त्यामुळे टाकळीचा दात कोणाच्या मृत्यूची खूण असेलच असे नाही. लाव्हारसाचे प्रवाह सुरू झाल्यानंतरही विदर्भातील तळ्याकाठी मांसाहारी डायनासोर वावरत होते, एवढे मात्र तो सुचवितो. त्याचे कुळ निश्चित व्हावयाचे तर दातांसह जबडाच हाती यावा लागेल.