पापनिवेदनाची गुप्तता आणि भारतीय पुरावा कायदा

शिरोडा परिसरातील कॅथलिक कुटुंबे २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतात. पापनिवेदनाला कोकणीत ‘कुमसार’ म्हणतात. कुमसारात ऐकलेले धर्मगुरूने जाणूनबुजून उघड केल्यास, १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, तो आपोआप बहिष्कृत होतो. न्यायालयाने त्यालाच साक्षीस बोलावले तर?

१८७२ च्या पुरावा कायद्यात पतिपत्नीच्या संभाषणास कलम १२२ ने, वकील-पक्षकारांच्या संभाषणास कलम १२६ ने संरक्षण होते, धर्मगुरूस नव्हते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही (कलमे १२८ व १३२) ते नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र १८१३ मध्येच, चोरीचा माल आपल्यामार्फत परत करणाऱ्याचे नाव सांगण्याच्या सक्तीतून न्यायालयाने फादर कोलमन यांना मुक्त केले होते.

आपल्याकडे खरा पेच पॉक्सो कायद्याचा (२०१२) आहे. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती कळवलीच पाहिजे (कलम १९). अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कारावास. प्रस्तुत लेखकाच्या मते इतर प्रकरणी मौनाला वैधानिक सवलत असावी, बालकाच्या सुरक्षिततेपुढे नव्हे. अर्थात, पश्चात्तापी व्यक्तीने स्वतःहून पोलिसांकडे जावे असा आग्रह धरण्यास धर्मसंहितेचीही आडकाठी नाही.